कापडावरचे जंतू आणि आपले नवे सोवळे

१९५८ साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या अमेरिकन नियतकालिकात विस्कॉन्सिन येथील एका तान्ह्या बालकाची हकिकत प्रसिद्ध झाली. त्या बाळाची बाळोती बदलताना नेहमीसारखीच दिसत. पण धुण्याच्या बादलीत बराच वेळ पडून राहिली की तांबडीलाल होत. ते रक्त नव्हते. बाळाच्या आतड्यात ‘सेराशिया मार्सेसेन्स’ नावाचा जंतू वस्तीला आला होता. हा जंतू शरीराच्या उष्णतेत, म्हणजे ३७ अंशांवर, रंग धरीत नाही. खोलीतल्या थंडाव्यात मात्र ‘प्रोडिजिओसिन’ नावाचे लाल रंगद्रव्य तयार करतो. म्हणून अंगावर असेपर्यंत बाळोते साधे, आणि बादलीत गेल्यावर लाल. या प्रकाराला ‘रेड डायपर सिंड्रोम’ असे नाव मिळाले, तो निरुपद्रवी ठरला, आणि आज आमच्या पाठ्यपुस्तकांत त्याला दोन-चार ओळींहून अधिक जागा नाही. लंगोटावरचा विटकरी डाग पाहून घाबरलेले आईवडील माझ्याकडे आजही येतात. तो डाग बहुधा लघवीतील युरेटच्या स्फटिकांचा असतो आणि बाळाला दूध पुरेसे मिळू लागले की जातो. सेराशियाचे बाळोते मी स्वतः कधी पाहिलेले नाही. तरीही ही जुनी हकिकत मला मोलाची वाटते, कारण माणसाचे शरीर, त्याच्या अंगचे कापड आणि त्या दोहोंत वावरणारे जंतू हे एकच प्रकरण आहे, हे तिच्याइतके सहज सांगणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, हृदयविकार, लसीकरण यांवर उत्तम लेख येतात. यंदा मी एका आडवाटेच्या विषयावर लिहिण्याची परवानगी घेत आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत युरोपातील काही कलावंतांनी, विशेषतः वस्त्रकलेत काम करणाऱ्या स्त्रियांनी, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत रीतसर बैठक मारून त्वचेवरील व रुग्णालयांतील जंतू कापडावर वाढवले आणि त्यांतून वस्त्रे, गोधड्या, भरतकाम तयार केले. आपल्यापैकी पुष्कळांना हा रिकामटेकडेपणा वाटेल. माझे मत निराळे आहे. जंतूंविषयी आपण डॉक्टर मंडळी पालकांना जे शब्दांनी पटवू शकलो नाही, ते ही कामे डोळ्यांना दाखवतात. आणि जे आपण स्वतः विसरत चाललो आहोत, तेही दाखवतात.

या प्रकाराला फार मोठे पूर्वज लाभले आहेत. १९२८ साली पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग लंडनच्या चेल्सी आर्ट्स क्लबचे सभासद होते आणि सेंट मेरीज रुग्णालयातील आपल्या प्रयोगशाळेत ते जंतूंची चित्रे काढीत. नर्तकी, शिपाई, घर, बाळाला पाजणारी आई असे साधेच विषय; पण रंग जिवंत. तांबड्यासाठी सेराशिया, जांभळ्यासाठी क्रोमोबॅक्टेरियम, पिवळ्यासाठी मायक्रोकॉकस. यातली खुबी अशी की जंतू पेरताना काहीच दिसत नाही. कोणता जंतू किती उष्णतेवर, किती तासांनी रंग धरील याचा हिशेब डोक्यात ठेवून चित्रकाराने न दिसणाऱ्या रंगांनी रेघ ओढायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चित्र उमटण्याची वाट पाहायची. ज्या माणसाची नजर अशा खेळात तयार झाली, त्याच्या बशीत एका बुरशीभोवती जंतू विरघळलेले दिसले तेव्हा ती बशी तशीच धुऊन टाकली गेली नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही. हा कार्यकारणभाव सिद्ध करता येणार नाही, हे कबूल.

आजच्या कलावंतांपैकी ब्रिटनच्या अ‍ॅना डुमित्रिउ यांचे काम डॉक्टरांना सर्वांत जवळचे वाटेल. ऑक्सफर्ड येथील ‘मॉडर्नायझिंग मेडिकल मायक्रोबायॉलॉजी’ या संशोधन प्रकल्पात त्या निवासी कलावंत म्हणून काम करीत आल्या आहेत. त्यांची ‘एमआरएसए क्विल्ट’ म्हणजे अक्षरशः एमआरएसएची गोधडी. सुती कॅलिकोचे चौकोन (हे कापड आपल्या कालिकतचे नाव जगभर मिरवते) जंतुसंवर्धनाच्या माध्यमात ठेवून त्यांवर मेथिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस वाढवले. माध्यम क्रोमोजेनिक, म्हणजे त्यात एक रंगहीन द्रव्य असते, जंतूचे विकर ते तोडते आणि रंग मोकळा होतो. कापडावर निळाई पसरली. जेथे प्रतिजैविकाने आपले काम केले तेथे कापड कोरे राहिले. जेथे त्याचे काही चालले नाही तेथे निळे झाले. नंतर सर्व चौकोन निर्जंतुक करून, जोडून, शिवून गोधडी झाली. आपण सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये ‘एस’ आणि ‘आर’ ही दोन अक्षरे वाचतो. तोच अहवाल तेथे अंगावर घेण्याच्या वस्तूवर लिहिलेला आहे.

याच कलावंतीणीच्या क्षयरोगावरील प्रदर्शनात (लंडन, २०१४) लोकरीची इवली इवली फुप्फुसे होती. लोकरीत घरातली साधी धूळ मिसळलेली होती आणि मारून टाकलेल्या क्षयजंतूचे डीएनए त्यात मुरवलेले होते. धुळीतून क्षय पसरतो या भीतीने एकेकाळी घरेच्या घरे झाडून-पुसून काढली जात, त्या इतिहासाचा तो उल्लेख. दुसऱ्या एका कामात त्यांनी जुन्या पांढऱ्या भरतकामाच्या कापडावर क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियम हा जांभळा जंतू वापरला. त्याचा एक प्रकार असा आहे की जो स्वतःहून रंग धरीत नाही. शेजारच्या जंतूंनी सोडलेला रासायनिक निरोप पोहोचला तरच जांभळा होतो. जंतू एकमेकांशी ‘बोलतात’ हे आपण व्याख्यानात ऐकतो आणि विसरतो. पांढऱ्या कापडावर जांभळा डाग कसकसा सरकत गेला हे पाहिलेला माणूस विसरणार नाही. बालरोगतज्ज्ञाने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हाच जांभळा जंतू उष्ण प्रदेशांतील माती-पाण्यात असतो, आणि क्रॉनिक ग्रॅन्युलोमेटस डिसीज असलेल्या मुलाच्या रक्तात तो शिरला तर प्राणावर बेतते.

ऑस्ट्रियाच्या सोन्या बॉइमेल यांनी आपल्याच अंगावरचे जंतू घेतले. २०१२ साली त्यांनी माणसाच्या उंचीएवढ्या पेट्री डिशमध्ये स्वतःच्या देहाचा ठसा उमटवला आणि तो वाढू दिला. काही दिवसांनी तेथे पिवळ्या-पांढऱ्या-केशरी वसाहतींनी बनलेली एक मनुष्याकृती उभी राहिली. त्याआधी त्यांनी विणलेली काही वस्त्रे केली होती, ज्यांत शरीराला जेथे ऊब हवी तेथेच वीण दाट आणि बाकीच्या जागी जवळजवळ काही नाही. पुढे कधी त्वचेवरचे जंतूच असे वस्त्र विणतील, अशी ती कल्पना. शास्त्र म्हणून ही कल्पना मला पटत नाही. निव्वळ कल्पनाविलास आहे. परंतु ‘माझी हद्द नेमकी कोठे संपते, कातडीवर की कापडावर?’ हा प्रश्न मात्र खरा आहे. नात्साई ऑड्री चिएझा यांचे काम आणखी निराळे: ज्या कुळाने आपल्याला स्ट्रेप्टोमायसिन दिले, त्याच कुळातील स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर हा मातीतला जंतू त्या रेशमावर वाढवतात आणि त्याच्या निळ्या-गुलाबी रंगद्रव्यांनी रेशीम रंगते. रंगाईला लागणारे अफाट पाणी व रसायने वाचावीत हा त्यामागील उद्देश. ज्यांच्या गावाजवळून रंगाच्या कारखान्यांचे सांडपाणी वाहते त्यांना याचे महत्त्व सांगावे लागू नये.

आता या साऱ्यातून डॉक्टरने काय घ्यावे? प्रथम त्वचेविषयी. तेलकट भागांत क्युटिबॅक्टेरियम (२०१६ पूर्वी आपण त्याला प्रोपिओनीबॅक्टेरियम म्हणत होतो), ओलसर घड्यांत स्टॅफिलोकॉकस व कोरिनेबॅक्टेरियम, कोरड्या हातापायांवर मिश्र वस्ती, असा त्वचेचा नकाशा आता पुरेसा स्पष्ट झाला आहे. नवजात बाळाच्या त्वचेचा पीएच जन्मतः उदासीनाच्या जवळ असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो आम्लाकडे झुकतो. त्याच काळात ही वस्ती बसत असते. २०१० साली जपानी संशोधकांनी दाखवले की स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसचे काही प्रकार असे विकर सोडतात की ज्यामुळे स्टॅफिलोकॉकस ऑरियसला नाकात ठाण मांडता येत नाही. २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले की जन्मानंतरच्या थोड्याशा दिवसांतच त्वचेची प्रतिकारशक्ती या शेजाऱ्यांना ‘आपले’ म्हणायला शिकते. ती वेळ टळली तर पुढे तसे शिकणे होत नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण बाळाच्या अंगावरचा प्रत्येक जंतू मारणे हे काही आरोग्याचे लक्षण नव्हे, एवढे म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे. आणि हाच सज्जन एपिडर्मिडिस अतिदक्षता विभागातल्या कमी दिवसांच्या बाळाच्या शिरेतील नळीवर बसला की रक्तदोष करतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. जंतू तोच, जागा बदलली.

कापडाचेही तसेच. २०१४ साली बेल्जियममधील गेंट विद्यापीठात २६ निरोगी व्यक्तींना टी-शर्ट घालून जोरदार सायकल व्यायाम करायला लावला आणि नंतर त्या कपड्यांचे जंतू व वास तपासले. पॉलिएस्टरला सुतापेक्षा उग्र वास येत होता, आणि पॉलिएस्टरवर मायक्रोकॉकस विशेष माजले होते. काखेतल्या वासाला मुख्यतः जबाबदार मानलेले कोरिनेबॅक्टेरियम मात्र कापडावर वाढलेच नाहीत. म्हणजे कापड हे त्वचेची नुसती नक्कल करीत नाही. त्याची स्वतःची निवड असते. त्याहून महत्त्वाचा अभ्यास २००० सालचा, नीली आणि मेली यांचा. रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या पाच प्रकारच्या कापड-प्लास्टिकांवर त्यांनी २२ ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू सोडले. सर्व जंतू किमान एक दिवस जगले. पॉलिएस्टर व प्लास्टिकवर ते अधिक टिकले, आणि काही तर ९० दिवसांनंतरही जिवंत होते. आपल्या वॉर्डातले पडदे किती महिन्यांनी धुतले जातात, हा प्रश्न मी येथे केवळ विचारून ठेवतो.

आणि येथे मला आपल्या घरांतल्या एका जुन्या व्यवस्थेची आठवण होते. सोवळे ही कापडाविषयीची आपली सर्वांत काटेकोर नियमावली होती. सुती वस्त्र धुऊन, कोणी न शिवता वाळवलेले असावे. रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी मात्र न धुताही शुद्ध. या नियमांत माणसाला माणसापासून दूर ठेवण्याचा जो क्रूर भाग होता त्याचे समर्थन करण्याचा प्रश्नच नाही, आणि जंतुशास्त्राचा टिळा लावून त्याला ‘आपले पूर्वज किती शास्त्रीय’ असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. मुकटा महिनोन्‌महिने न धुता वापरणे हे कोणत्या शास्त्रात बसते? सोवळे हे स्वच्छतेचे नव्हे, निर्धास्त वाटण्याचे साधन होते. वस्त्रावर एक शिक्का बसला की मन शांत.

आज तो शिक्का दुकानात मिळतो. बाळंतविडा घेऊन येणारी मंडळी हल्ली अभिमानाने दाखवतात: झबल्यावर ‘अँटिबॅक्टेरियल’, दुपट्यावर ‘९९ टक्के जंतूंपासून संरक्षण’, पायमोज्यांत चांदीचे सूक्ष्म कण. २०२० च्या साथीनंतर तर साध्या शर्टापासून गादीच्या अभ्र्यापर्यंत सर्वच वस्तू जंतूंशी लढू लागल्या. जोडीला कपडे भिजवण्याचे औषधी द्रव, बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात त्याच द्रवाचे एक झाकण, आणि त्यानंतर अंगभर उठलेले लाल चट्टे घेऊन माझ्याकडे. ‘डॉक्टर, आम्ही तर इतकी काळजी घेतो’, हे वाक्य मी पाव शतकाच्या व्यवसायात किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही.

या शिक्क्यामागे काय आहे? २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी चांदीयुक्त मोजे पाण्यात धुऊन पाहिले. काहींमधली जवळजवळ सगळी चांदी मोजक्या धुण्यांत पाण्याबरोबर निघून गेली. म्हणजे ती बाळाच्या पायाशी राहिली नाही, गटारातल्या जंतूंना मात्र सराव देऊन गेली. ट्रायक्लोसान हे दुसरे लाडके द्रव्य. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह १९ द्रव्ये घरगुती साबणांतून काढून टाकण्यास लावली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ती अधिक उपयोगी आहेत हे उत्पादकांना दाखवता आले नाही. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला असे कपडे घालण्यास माझ्या मते कोणतेही वैद्यकीय कारण नाही. त्यापेक्षा पणजीच्या जुन्या लुगड्याचे दुपटे चांगले: शेकडो धुण्यांत त्यातली खळ गेलेली, कच्चा रंग उतरलेला, सूत मऊ झालेले. साबणाने धुवावे, भरपूर पाण्यात खळबळून साबण काढावा, उन्हात कडकडीत वाळवावे. यापलीकडे बाळाच्या कपड्यांचे शास्त्र मला ठाऊक नाही. आणि या विषयात आपण डॉक्टरांनी एक पथ्य पाळावे: असल्या कापडाच्या जाहिरातीला, पत्रकाला किंवा मोफत नमुन्याला आपल्या दवाखान्यात जागा देऊ नये. प्रतीक्षा कक्षातल्या भिंतीवर जे लागते ते डॉक्टरांनी सांगितले असेच पालक समजतात.

कोणी म्हणेल, डॉक्टरसाहेब जंतूंची वकिली करीत आहेत. तसे नाही. भीती चुकीच्या जागी आहे, एवढेच मी म्हणतो. घरातल्या दुपट्याला भ्यायचे नाही. रुग्णालयातल्या चादरीला भ्यायला हवे. २००८-०९ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एका बालरुग्णालयात पाच मुले म्यूकरमायकोसिसने दगावली आणि बुरशीचा माग रुग्णालयाच्या धुऊन आलेल्या कपड्यांपर्यंत पोहोचला. ती बुरशी होती, बॅक्टेरिया नव्हे. पण चादर तर चादरच. दिल्लीच्या तीन रुग्णालयांत जन्मलेल्या ८८ हजारांहून अधिक बाळांचा जो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात नवजातांच्या रक्तदोषातील अ‍ॅसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के बहुऔषधरोधी निघाले, स्टॅफिलोकॉकस ऑरियसपैकी ३८ टक्के मेथिसिलिनला दाद न देणारे. डुमित्रिउबाईंची गोधडी आपल्यासाठी दूरची गोष्ट नाही. तिचे निळे चौकोन आपल्याच वॉर्डांत विणले जात आहेत, आणि त्यांतले काही धागे सर्दी-पडशाला लिहून दिलेल्या प्रतिजैविकांचे आहेत.

मग आपल्या पांढऱ्या एप्रनचे काय? इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ साली डॉक्टरांनी कोपराखाली काही घालू नये, लांब बाह्यांचे पांढरे कोट सोडावेत, असा नियम केला. गंमत अशी की गणवेशामुळे संसर्ग पसरतो याचा निर्णायक पुरावा नाही, असे त्याच वेळच्या त्यांच्या आढाव्यात नमूद होते. तरी नियम मला योग्य वाटतो. बाही वर असली की हात मनगटापर्यंत नीट धुतला जातो. त्याच मार्गदर्शनात कपडे ६० अंशांवर दहा मिनिटे धुणे पुरेसे मानले आहे. आपल्याकडे मात्र मेडिकलचा विद्यार्थी एप्रन घालून कॅन्टीनमध्ये वडापाव खातो, त्याच एप्रनने स्कूटरवरून घरी जातो आणि आई तो एप्रन देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला कौतुकाने टांगते. एप्रन हे आपले व्यावसायिक सोवळे आहे. ते पांढरे दिसते म्हणून स्वच्छ आहे असे आपण धरून चालतो.

उलट ज्या ठिकाणी मध्ये कापडच नसावे, तेथे आपण कापड घालतो. घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील पाच रुग्णालयांत १ ते १.८ किलो वजनाच्या ३२११ बाळांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यातले भारतातील केंद्र दिल्लीचे होते. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मताच आईच्या उघड्या छातीशी ठेवलेल्या बाळांत २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्यांत १५.७ टक्के. संशयित रक्तदोषही कमी. ऊब, दूध, आईची सततची नजर ही कारणे आहेतच. आईच्या त्वचेवरची वस्ती रुग्णालयातल्या वस्तीआधी बाळाच्या अंगावर पोहोचते, हेही एक कारण असण्याची शक्यता आहे. हे मी माता-पित्यांना सांगतो तेव्हा मान डोलते, पण सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा प्रश्न तसाच राहतो: आईचे अंग ‘निर्जंतुक’ कसे? निर्जंतुक नाही, आणि म्हणूनच, हे उत्तर तोंडाने देणे फार अवघड आहे.

ते दाखवावे लागते. २०१५ साली कॅलिफोर्नियातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आईने आपल्या आठ वर्षांच्या मुलाचा, तो बाहेर खेळून आल्यावर, हात अ‍ॅगरच्या मोठ्या बशीवर उमटवला. काही दिवसांनी पाची बोटांवर मोत्यांसारख्या, लोण्यासारख्या, फुलांसारख्या वसाहती उगवल्या. ते छायाचित्र जगभर फिरले. त्याच वर्षी अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजीने ‘अ‍ॅगर आर्ट’ची स्पर्धा सुरू केली. त्या हातावर घाण शोधणारे लोक पुष्कळ निघाले. मला मात्र तो निरोगी मुलाचा हात दिसतो.

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला की, एमआरएसए सुंदर दिसू लागला तर लोकांची भीतीच जाईल. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. निळा रंग जंतूचा नव्हे, माध्यमाचा आहे; दुसऱ्या कंपनीच्या माध्यमावर तोच जंतू गुलाबी-जांभळा दिसेल. हे प्रेक्षकाला सांगितले नाही तर कला दिशाभूल करील. काही कलावंत हे सांगत नाहीत, आणि त्यांच्या कामात जंतू नुसता फोडणीपुरता असतो. परंतु नीट शेजारी पाटी लावलेली निळी गोधडी पाहून कोणी प्रतिजैविकांविषयी बेफिकीर होईल, असे मला वाटत नाही. अंगावर घेण्याच्या वस्तूवर रोगाचा नकाशा पाहिल्यावर माणूस प्रश्न विचारतो. आपल्या भिंतीवरच्या भित्तिपत्रकासमोर कोणी प्रश्न विचारलेला मी पाहिलेला नाही.

बडोद्याला तर हे परके वाटण्याचे कारण नाही. सयाजीराव महाराजांच्या काळी, १८९० साली, येथे कलाभवन निघाले. त्याचे प्रवर्तक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि त्यांचा ध्यास कापड रंगवण्याच्या शास्त्राचा. चाफेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला फासलेले डांबर संगमरवराला न दुखवता काढून देणारे रसायनतज्ज्ञ ते हेच. त्याच कलाभवनात दादासाहेब फाळके चित्रकला व छायाचित्रण शिकले. चित्रकार, रंगारी आणि रसायनतज्ज्ञ एका छपराखाली बसतील अशी योजना येथे १३० वर्षांपूर्वी झाली होती. आज कलाभवनाच्या वास्तूत अभियांत्रिकी आहे, १९५० पासूनची ललित कला शाखा एका बाजूस, सूक्ष्मजीवशास्त्र विभाग दुसऱ्या बाजूस, वैद्यकीय महाविद्यालय तिसरीकडे. सारे हाकेच्या अंतरावर, आणि कोणाची कोणाला हाक नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात ‘आरोग्य आणि आपण’ छापाचे जे भाषण होते, ते एक वर्ष रद्द करावे. त्याऐवजी ललित कला शाखेचे विद्यार्थी, सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापक आणि आपण डॉक्टर यांनी मिळून एक गोधडी करावी. जिवंत रोगजंतू हाताळण्याचा येथे प्रश्नच नाही. ते काम योग्य सुरक्षिततेच्या प्रयोगशाळेबाहेर कोणी करू नये. पण घरोघरच्या वस्तूंचे ठसे, म्हणजे बाळाचे धुतलेले दुपटे, उन्हात न वाळलेले दुपटे, ‘अँटिबॅक्टेरियल’ झबले नवे आणि वीस धुण्यांनंतरचे, माझा एप्रन सोमवारी आणि शनिवारी, दवाखान्यातला पडदा, हे विभागाच्या प्रयोगशाळेत, तेथल्या जाणकारांच्या हाताखाली, बंद बशांत वाढवता येतील. बशा उघडायच्या नाहीत. छायाचित्रे घेऊन झाली की ऑटोक्लेव्हमध्ये. त्या छायाचित्रांवरून विद्यार्थ्यांनी प्रत्येक वसाहत रंगीत धाग्यांनी कापडावर भरावी आणि खाली कापड कोणाचे, धुतले कसे, तापमान किती, एवढेच लिहावे. निष्कर्ष आमच्या मनासारखा आला नाही तरी गोधडी तशीच टांगावी. माझा एप्रन झबल्यापेक्षा वाईट निघाला तर तो माझ्या नावानिशी लावावा.

खर्च एका प्रीतिभोजनाच्या निम्माही येणार नाही. कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत मी हा प्रस्ताव लेखी देत आहे. मान्य झाल्यास सभासद बंधुभगिनींनी घरून एक-एक वीतभर चौकोन आणावा. जुन्या लुगड्याचा किंवा धोतराचा असल्यास उत्तम, आणि तो शेवटचा कधी व कशात धुतला हे चिठ्ठीवर लिहून टाचणीने लावावे.